रिकामी गाडीच का नाचत होती

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची इलेक्ट्रिक तीनचाकी. मालकानं ३० चा स्पीड लिमिटर लावून घेतलेला, ड्रायव्हरनं कितीही पिळलं तरी गाडी त्याच्यावर जायची नाही. प्रत्यक्षात ३५ ला जायची, मग २६ ला पडायची, परत वर. कंट्रोलर गेला म्हणून माझ्याकडं आणली. लोकांचा पहिला संशय कायम कंट्रोलरवरच.

लॅपटॉप लावला तर गेन २०, म्हणजे स्पीड १ ने कमी पडला की थ्रॉटल २० टक्के. आधी १० होता. पुलाच्या चढाला ४० टक्के थ्रॉटल लागतं, १० च्या गेनला ते मिळायला ४ चा फरक पडावाच लागतो, म्हणून गाडी २६ वर रेंगाळायची. कुणीतरी गेन डबल केला, चढावर २८ मिळाले आणि सपाटीला नाच सुरू. फरकच उरला नाही तर नुसता प्रपोर्शनल, म्हणजे फरकाच्या पटीत थ्रॉटल देणारा हिशोब, ढकलणार कशाच्या जोरावर, हे सांगून माझं तोंड दुखतं.

गेन उतरवणारच होतो तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, माल असला की गप चालते, रिकामी येताना लई झोके घ्यायलीय."

मालकाचं म्हणणं, जड गाडीच आवरत नसणार. पण त्याच थ्रॉटलला हलकी गाडी जास्त उसळते, आणि सेन्सर बघितला तर चाकाला एकच मॅग्नेट, म्हणजे एका फेऱ्याला एकच पल्स, आणि स्पीड काढायला कंट्रोलर ८ पल्सची सरासरी काढणार. चाकाचा घेर साधारण १.३ मीटर, ३० ला सेकंदाला सहाच्या वर फेरे, म्हणजे ती सरासरी सव्वा सेकंदाची! गाडी ३० ओलांडून गेली तरी कंट्रोलरला अजून कमीच दिसतंय, तो पॉवर देतच राहतो. उशीर नसता तर या गेनला गाडी ३० च्या वर गेलीच नसती.

चार मॅग्नेट चिकटवले, सरासरी ०.३ सेकंदावर आली, झोके गेले. चढासाठी थोडं इंटिग्रल, म्हणजे उरलेला फरक साठवत थ्रॉटल वाढवणारा हिशोब, घातलं, पण ते उधारीच्या वहीसारखं, सुटताना फुल थ्रॉटलवर बाकी साचत जाते आणि ३० आल्यावर सगळी वसूल होते, परत ओव्हरशूट, म्हणजे गाडी ३० च्या पार. म्हणून थ्रॉटल फुल असेपर्यंत ते थांबवून ठेवलं. तरी रिकामी आणि भरलेली, दोन्हीला एकच गेन ठेवलाय ते मला अजून खटकतंय.

मालक म्हणतोय दुसऱ्या दोन गाड्यांत पण तेच आकडे टाक, मॅग्नेटचा खर्च नको. त्यातल्या एकीचं चाक मोठं आहे.