भावा, एवढं फुग्यात बसव

पैलवानाला थोडक्यात बोलायला लावणं अवघड असतं. म्हणजे माझ्या चित्रकथेतल्या कोल्हापूरच्या पैलवानाला. चौकट तळहाताएवढी, तीत आखाडा, दोन माणसं आणि उरलेल्या कोपऱ्यात संवादाचा फुगा. त्या फुग्यात गड्याला म्हणायचंय, ‘भावा, गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध प्यायल्याशिवाय कुस्ती-बिस्ती काय व्हायची न्हाई!’

पूर्वी हे बसवायचं म्हणजे दर दोन शब्दांनी एंटर. हल्ली सॉफ्टवेअरला नुसतं सांगायचं, हा लंबगोल, यात मजकूर भर. क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरच्या २०२३ सालच्या ५.२ आवृत्तीत मजकूर मांडणारं इंजिनच नव्यानं लिहिलं गेलं आणि आकाराच्या आत ओळी आपोआप मोडायची सोय त्यात आली. फुगा रुंद केला की शब्द वर चढतात, अरुंद केला की खाली उतरतात. काम बाजूला ठेवून हा खेळ खेळत बसावा इतकी मजा येते.

आतला हिशेब तसा साधा असतो. पुढचा शब्द ओळीत मावतो का? मावला तर ठेव, नाहीतर खालच्या ओळीत ढकल. चौकोनात हे झकास चालतं. लंबगोलात पंचाईत होते, कारण प्रत्येक ओळीची रुंदी वेगळी. वरची ओळ किती रुंद, हे ती किती उंचावर बसते त्यावर. ती किती उंचावर बसणार, हे एकूण ओळी किती त्यावर. आणि ओळी किती, हे पुन्हा रुंदीवरच. त्यात आपली मराठी. ‘प्यायल्याशिवाय’ हा एकच शब्द, जागा मात्र तिघांची घेतो. अशा शब्दांना निमुळत्या टोकाशी जागा मिळत नाही, ते खाली घसरतात आणि फुग्याला वरच्या बाजूला टक्कल पडतं.

यावर डोकं चालवणारे कमी नाहीत. डोनाल्ड कनूथ आणि मायकेल प्लास या संगणकशास्त्रज्ञांनी १९८१ साली एक पद्धत मांडली. एकेक ओळ उरकत न जाता सगळा परिच्छेद एकदम तोलायचा आणि एकंदरीत कमीत कमी वाईट दिसेल तिथे ओळी मोडायच्या. पुस्तकाच्या पानाला ती सोन्यासारखी आहे. पण पुस्तकाला सगळ्या ओळी सारख्या हव्या असतात. फुग्यात वरची-खालची ओळ आखूड आणि मधली भरलेली असावी लागते. म्हणूनच हातानं अक्षरं काढणारे बरेच जण आधी शब्द लिहीत आणि मग भोवती फुगा काढत. आपण आता उलटीकडून शिरलोय.

जागेचा प्रश्न एक वेळ सुटेल. माझं खरं भांडण बोलताना घ्यायच्या दमाशी आहे. कोल्हापुरात कुणी ‘भावा’ म्हटलं की पुढे क्षणभर थांबतं. त्या थांबण्यात पुढचं वाक्य लाडाचं की दमदाटीचं, ते ठरतं. मला तो शब्द वरच्या ओळीत एकटा हवा. सॉफ्टवेअरला तिथे मोकळी जागा दिसते आणि ते ‘भावा’च्या शेजारी ‘गंगावेशीत’ आणून बसवतं, बसमध्ये खिडकीपाशी बसलेल्याला ‘सरका जरा’ म्हणावं तसं. ‘कुस्ती-बिस्ती’मधल्या जोडरेषेपाशी ओळ मोडायची त्याला मुभाच असते, त्यामुळे कुस्ती वरच्या ओळीत आणि बिस्ती खालच्या. शेवटी ‘न्हाई!’ एकटं तळाशी. यात आनंद एवढाच, की उद्गारचिन्हाच्या आधी ओळ मोडू नये हा नियम ते पाळतं. यावर न तुटणारी स्पेस नावाचा उपाय आहे. ‘व्हायची’ आणि ‘न्हाई’ यांच्यामध्ये ती घातली की दोघं हात धरूनच खाली येतात.

देवनागरीचे हाल मात्र पूर्वीपेक्षा खूप कमी झाले, हे कबूल केलं पाहिजे. वेलांटी सुटून तुटक ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. जोडाक्षर मध्येच न तोडता एकच अक्षर धरावं, हा नियम युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्या संगणकात बसवणाऱ्या प्रमाणाच्या, अक्षर-विभागणीत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. उशिरा आला, पण आला.

गावातले पेंटर बोर्ड रंगवायच्या आधी खडूनं अक्षरं टाकून बघायचे, लांब जाऊन डोळे बारीक करायचे, पुसायचे. आता चौकाचौकात डिजिटल फलक लागतात. त्यावर ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ मावल्या नाहीत तर अक्षरंच आडवी दाबतात. नेत्याचा फोटो तेवढा दाबत नाहीत.

मी मधला रस्ता धरलाय. संवाद पक्का होईपर्यंत आपोआप मोडणी चालू ठेवायची, कारण पैलवान शेवटपर्यंत शब्द बदलत असतो. पक्का झाला की मोडणी बंद करून मोठ्यानं वाचायचं आणि दम लागेल तिथे आपल्या हातानं एंटर मारायचा. हे सगळं जुळवून पाठवलं की दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन येतो, ‘वयस्कर वाचक आहेत, अक्षर जरा मोठं करा की.’ अक्षर वाढवलं की ओळी फुग्याबाहेर जातात. मोडणी परत चालू करावी, तर माझे एंटर आणि तिचे एंटर एकमेकांत घुसतात आणि दर ओळीखाली एकेक शब्द लोंबकळायला लागतो.

‘मग फुगाच मोठा करा,’ ते म्हणतात. करतो की. पण मग पैलवानाचा कुस्तीत मोडलेला कान झाकला जातो, आणि कानच दिसला नाही तर हा पैलवान आहे हे ओळखायचं कशावरून?