सुटणारी तार

सोलापूरहून निघणाऱ्या तुळजापूर रस्त्याला, हिप्परग्याच्या तळ्याच्या अलीकडे आमची थोडी शेती आहे आणि तिच्या बांधावर वेडी बाभूळ माजलेली आहे. तिला आवर घालण्यासाठी मी चार वर्षांपूर्वी पेट्रोलवर चालणारी चेन सॉ, म्हणजे पात्याभोवती दातेरी साखळी फिरवणारी करवत, विकत घेतली. आमच्या भागात तिला सगळे ‘कटर’ म्हणतात. शाळामास्तराच्या हाती कटर शोभत नाही, असे घरच्यांचे मत होते आणि पुढे जे घडले त्याने ते खोटे ठरले नाही.

या यंत्राच्या मागच्या मुठीत रेसचा खटका असतो. त्या खटक्यापासून कार्बोरेटरच्या, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोलचे मिश्रण पुरवणाऱ्या भागाच्या, झडपेपर्यंत सायकलच्या स्पोकसारखी एक बारीक पोलादी तार जाते. तिची दोन्ही टोके आकड्यासारखी वाकवून छिद्रांत अडकवलेली असतात. खटका दाबला की तार झडप उघडते आणि इंजिन रेस घेते. माझ्या यंत्रातली ही तार सुटू लागली. खोड निम्मे कापून व्हावे, पाते लाकडात असावे आणि नेमका त्याच वेळी खटका बोटाखाली पोकळ लागावा, असा तिचा शिरस्ता होता. पहिल्यांदा मी झाकण उघडून, एअर फिल्टर काढून, पक्कडीने ती पाच मिनिटांत बसवली, आणि त्या दिवशी जेवताना हा पराक्रम दोनदा सांगितला. पुढे ती आठवड्याला सुटू लागली, मग टाकीगणिक.

मी तिच्याशी वैरच धरले. आकडा आणखी आवळला, तर तो छिद्रात अडकून कुरकुरू लागला. टोकाला पेट्रोलच्या नळीचा तुकडा टोपीसारखा चढवला, तो दोन दिवस टिकला. शेवटी मी सळया बांधायची बाइंडिंग वायर आणली आणि तार खटक्याला अशी करकचून बांधली, की ती सुटणे शक्यच नव्हते. ती सुटली नाही, पण खटका सोडल्यावर रेसही उतरेना. रेस उतरली की या यंत्राचा क्लच साखळीला सोडून देतो, म्हणून इंजिन चालू असूनही साखळी थांबते. माझ्या बांधणीमुळे झडप मिटवणारी स्प्रिंगच हतबल झाली होती. बोट खटक्यावरून काढलेले, साखळी गरगरते आहे आणि मी अंगठ्याने बंद करायचे बटण चाचपतो आहे, अशी ती दोन-तीन क्षणांची अवस्था मला अजून नीट आठवते. तार सुटत होती तेव्हा यंत्र निदान मुकाट्याने मंद होत असे, हे तेव्हा लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी यंत्र पिशवीत घालून मी पूर्व भागातल्या एका अण्णांकडे गेलो. अण्णांनी उमेदीची सगळी वर्षे यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून काढली आहेत. चादरीचे माग बिघडले की ते दुरुस्त करायचे. आता ते घराच्या ओट्यावर फवारणीचे पंप आणि असली किरकोळ यंत्रे दुरुस्त करतात. माझी बाइंडिंग वायर त्यांनी पक्कडीने एकेक वेढा उलगडत काढली आणि शांतपणे माझ्या हातात ठेवली.

“सर, जिथं सुटालंय तिथं कशाला बघता? हलालंय कुठं ते बघा की.”

मग त्यांनी मूठ एका हातात आणि इंजिन दुसऱ्या हातात धरून हलवले. मूठ इंजिनाला थेट जोडलेली नसते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. भर रेसमध्ये इंजिन मिनिटाला 10 ते 12 हजार फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे 170 ते 200, आणि तो सारा हादरा माणसाच्या मनगटात उतरू नये म्हणून मूठ रबरी ठोकळ्यांवर तरंगत ठेवलेली असते. खटका मुठीत, झडप इंजिनावर आणि बिचारी तार या दोन वेगवेगळ्या थरथरींच्या मधे. म्हणूनच तिच्या आकड्याला छिद्रात थोडा सैलपणा मुद्दाम दिलेला असतो आणि तोच मी हरतऱ्हेने आवळत होतो. माझ्या यंत्रातले एक रबर फाटले होते, त्यामुळे मूठ हवी त्याहून दुप्पट हलत होती. शिवाय कार्बोरेटर धरून ठेवणारे दोन्ही नट ढिले होते. कार्बोरेटर जागचा सरकला की तारेचे अंतर बदलते. शिवाय फटीतून जादा हवा शिरून इंजिन विनाकारण तापते. मी त्या तापण्याचा दोष आजवर सोलापूरच्या मे महिन्याला देत आलो होतो.

“मागावर बी असंच,” अण्णा म्हणाले, “लोखंडावर लोखंड आपटू द्यायचं नाही, मधी चामडं पाहिजे.”

नवे रबर आणि नवी तार मी दुकानातून आणून दिली. अण्णांनी नटांच्या आट्यांवर नट धरून ठेवणाऱ्या निळ्या द्रवाचा एकेक थेंब सोडला, पाना लावला आणि खटका पाच-सहा वेळा दाबून सोडला; प्रत्येक वेळी झडप ‘टक्’ आवाज करून मिटली. तो आवाज ऐकू आल्याशिवाय यंत्र चालू करायचे नाही, असे त्यांनी मला बजावले. मजुरी त्यांनी इतकी थोडी सांगितली, की आधी वाया घातलेल्या नळीचा आणि वायरचा हिशेब मनात करून मी ओशाळलो.

त्यानंतर निम्मा बांध मोकळा झाला आहे. अण्णांच्या सांगण्यानुसार परवा झाकण काढून नटांना पाना लावून पाहिला. एक जागचा हलला नाही, दुसरा पाव फेरा फिरला.