गोळी सुरू आहे, पण बाकी?

मानसिक आजाराच्या पेशंटसोबत काम करणाऱ्या लोकांना, म्हणजे नर्स, समुपदेशक, सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी), आशाताई यांना पुनर्वसनाबद्दल, म्हणजे पेशंटला परत कामाला आणि माणसांत लावण्याबद्दल, किती समजते हे तपासायची आपल्याकडची पद्धत ठरलेली आहे. ट्रेनिंगच्या आधी एक पेपर, ट्रेनिंग झाल्यावर परत तोच पेपर, मार्क वाढले की काम झालं. मी यवतमाळ जिल्ह्यात सोशल वर्कर आहे, असे पेपर वाटते पण आणि तपासते पण, आणि मला अगदी मनापासून वाटते की त्यातून त्यांची पेशंटकडे पाहायची नजर कळत नाही.

पेपरात प्रश्न असतो, स्किझोफ्रेनियाचा (नसलेले आवाज ऐकू येणं, विनाकारण संशय येणं असा मानसिक आजार) पेशंट काम करू शकतो का? सगळे हो लिहितात. मग चहा पिताना त्यांनाच विचारा, तुमच्या वावरात कापूस वेचायला त्याला सांगाल का? "नाही जी, त्याचा काय भरोसा." बरं, सांगितलंच, तर मजुरी कोणाच्या हातात द्याल? "त्याच्या मायजवळ देऊन देऊ." खरं उत्तर हे आहे, आणि हे कोणत्याच फॉर्मवर येत नाही.

माहितीची कमी पण आहेच. गोळ्यांनी आवाज ऐकू येणं, संशय हे बऱ्यापैकी कमी होते, पण सकाळी उठावंसं न वाटणं, आंघोळ टाळणं, चार लोकांत न बसणं, कशातच जीव न लागणं, यावर गोळीचा असर फार कमी असतो, आणि हा आजाराचाच भाग आहे. घरचे म्हणतात आळशी झाला. ते समजू शकते, पण आपल्यातलेही कित्येक जण तेच म्हणतात आणि ओपीडीत "गोळी सुरू आहे का?" एवढं विचारून पुढचा नंबर घेतात.

दुसरा मोठा गैरसमज म्हणजे आधी पूर्ण बरा होऊ दे, मग कामाचं पाहू. जगभरातला अभ्यास याच्या उलट सांगतो. ज्याला काम करायची इच्छा आहे त्याला वर्षभर ट्रेनिंगमध्ये बसवण्यापेक्षा सरळ खऱ्या कामाला लावून मागून आधार दिला तर जास्त लोक कामावर टिकतात. आपल्याकडे तर याला कापसाची वेचणी किती चांगली! मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे एखादा हळू वेचत असेल, मधात दोनदा बसत असेल तरी कोणाचं काही अडत नाही. निंदणाला बायांच्या ओळीसोबत चालावं लागते, मागं राहिला की बोलणी बसतात. पुनर्वसनाचा प्लॅन करताना हा फरक कळायला पाहिजे, आणि आशाताईला तो आपल्यापेक्षा जास्त कळतो, फक्त तिला कोणी विचारत नाही.

2016 च्या अपंगत्व कायद्यात मानसिक आजार आहे आणि अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असलं की बऱ्याच सवलती लागू होतात. ते मोजायला आयडियाज नावाची पट्टी आहे, त्यात स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम हे चार भाग पाहतात. म्हणजे मोजमाप जगण्याचं आहे. साताऱ्यासह तीन ठिकाणी गावातल्याच लोकांना शिकवून स्किझोफ्रेनियाच्या पेशंटच्या घरी पाठवलं होतं, 2014 मध्ये त्याचे निकाल छापून आले, दवाखान्याच्या उपचाराला ही जोड दिली तर लक्षणं आणि अपंगत्व दोन्ही थोडं का होईना जास्त कमी झालं. डिग्रीवाले नव्हते ते.

स्टाफला नावं ठेवायची नाहीत मला. त्यांच्यासमोर कोण येते? ज्याची तब्येत बिघडली तो, ज्याला बांधून आणलं तो. जो बरा आहे, बकऱ्या चारतो, पोरीच्या लग्नाला लागला आहे, तो ओपीडीत कशाला थांबेल, त्याची माय किंवा भाऊ गोळ्या घेऊन जाते. रोज बिघडलेलेच पाहिले की कोणाचाही विश्वास उडेल. म्हणून ट्रेनिंगमध्ये स्लाइड कमी करा आणि असा एक माणूस, त्याची तयारी असेल तर, समोर बसवून त्याला बोलू द्या.

आणि मार्क द्यायचेच असतील तर पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना देऊ द्या. ताई तुमच्याशी बोलते की फक्त तुमच्या मायशी? तुम्हाला काय काम करावं वाटते हे कोणी विचारलं? पैसे कोणाजवळ राहतात? पुढच्या ट्रेनिंगच्या पेपरात हे तीन प्रश्न टाकायचं मी वरिष्ठांना सांगितलं आहे, तुमच्या तालुक्यात कोणी असं विचारत असेल तर कसं विचारता ते मला जरूर कळवा.