आमची वाटचाल: बोअर गेज आणि निळी वही

1989 साली कुर्ल्यात दोन शटरच्या गाळ्यात आमचं इंजिन बोअरिंगचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून पुन्हा गोल करण्याचं काम सुरू झालं. बाबा आधी कुर्ल्याच्याच प्रीमियरच्या कारखान्यात फिटर होते. तेव्हा मुंबईची टॅक्सी म्हणजे प्रीमियरचीच पद्मिनी, त्यामुळे काम शोधत फिरावं लागलं नाही.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) 75. फियाटची मिलेचेंतो, डिलाइट, मग पद्मिनी अशी नावं बदलली, हे माप टिकलं. म्हणून मला वाटायचं, यात चुकण्यासारखं काय आहे?

मी काम हातात घेतलं त्याच वर्षी चुकलो. टॅक्सीवाले मामा म्हणाले, "एकदाच बोअर झालंय." मी आरसी बुकातलं वर्ष पाहिलं आणि वीस थाऊचे, म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाचे वीस हजारांश मोठे, चार पिस्टन आणून ठेवले. ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा ठोकळा) धुऊन बोअर मोजायचा गेज आत सोडला, तर तिसरा बोअर आधीच चाळीसच्या पुढे! कधीतरी त्या गाडीत दुसऱ्याच गाडीचा ब्लॉक बसला होता. चारही बोअरमध्ये स्लीव्ह, म्हणजे मूळ मापाच्या नळ्या, टाकाव्या लागल्या. रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्या माणसाची टॅक्सी नऊ दिवस उभी राहिली. खर्च मी सोसला, पण त्यांचे ते दिवस मला भरून देता आले नाहीत. बाबा एवढंच म्हणाले, "गेज कशाला घेतलाय मग?"

तेव्हापासून निळी वही आहे. ब्लॉक आला की आधी त्यावरचा कास्टिंग नंबर लिहायचा. मग प्रत्येक बोअर वर, मध्ये, खाली, आणि दर ठिकाणी उभा-आडवा मोजायचा. झीज सगळ्यात जास्त वरच्या रिंगच्या थांब्याशी असते. तिथे नखालासुद्धा पायरी लागते. पिस्टनचं पिन किती जाड, पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंत उंची किती, रिंगच्या खाचा किती रुंद, हे सगळं जुना पिस्टन नव्याशेजारी काचेवर ठेवून पाहायचं.

मारुती आल्यावर वही जास्तच उपयोगी पडली. 800 आणि अल्टो, दोन्ही 796 सीसी, दोन्हींचा बोअर 68.5, स्ट्रोक 72. पण जुन्या 800 ला दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, अल्टोला चार. त्यात 2000 च्या सुमाराच्या काही 800 मध्येही बारा व्हॉल्व्हचंच इंजिन आलं. नुसतं "मारुती 800, तीन पिस्टन द्या" म्हणून सामान आणणाऱ्याला मी आजही आधी हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उघडून व्हॉल्व्ह मोजायला सांगतो.

26 जुलै 2005 ला गाळ्यात पाणी शिरलं. वहीची पानं दोरीवर वाळवली, तरी पहिल्या दोन वर्षांची शाई गेली. पाणी प्यालेली इंजिनं मात्र महिनोन्‌महिने येत राहिली. वरून धडधाकट दिसायची, पण कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकल्यामुळे एखादा पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली थांबायचा. तेव्हापासून ब्लॉकच्या फेसपासून, म्हणजे वरच्या सपाट पृष्ठापासून, पिस्टनची उंचीही वहीत लिहितो.

पद्मिनी टॅक्सी 2023 ला रस्त्यावरून गेल्या. आता हौशी मंडळी येतात. परवा एकजण डिलाइटसाठी इटलीहून पिस्टन घेऊन आले. मोजले तर 72 मिमी! डिलाइट म्हणजे तिकडची फियाट 1100 डी; पण तिकडची 1221 सीसीची होती, आपली 1089 चीच राहिली. "बोअर वाढवून बसवा ना," म्हणाले. चार मिलिमीटर कापायला मी सरळ नकार दिला. सीएसटी रोडवरच्या सुट्या भागांच्या बाजारात तीस थाऊचा संच मिळाला. ब्लॉक मशीनवर आहे, तीन बोअर झालेत, चौथा उद्या सकाळी.