उथळ उखळी

ठाणे स्थानकाचा पूल चढताना उजव्या जांघेत येणारी कळ मी दोन वर्षे लोकलच्या गर्दीच्या खात्यावर मांडत राहिले. ३४व्या वर्षी काढलेल्या एक्स-रेमध्ये खरे कारण दिसले: खुब्याची उखळी लहानपणापासूनच उथळ होती. मांडीच्या हाडाच्या गोलाला ती किती झाकते हे दाखवणारा कोन सहसा २५ अंशांहून अधिक असतो आणि २० अंशांखाली गेल्यास डिस्प्लेसिया, म्हणजे उखळीची अपुरी वाढ, मानतात. माझा १६ भरला. छत असे अपुरे असले की शरीराचा भार उखळीच्या कडेलगतच्या अरुंद पट्ट्यावर पडतो, तेथील कूर्चा, म्हणजे हाडावरचे गुळगुळीत आवरण, झिजत जाते आणि संधिवात अकालीच गाठतो.

यावरची पेरिअसेटाब्युलर ऑस्टिओटॉमी ही शस्त्रक्रिया राइनहोल्ड गान्झ यांनी १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे प्रथम केली. उखळीभोवतीचे हाड कापून ती मोकळी करतात, गोल नीट झाकला जाईल अशी फिरवतात आणि स्क्रूंनी पक्की करतात. श्रोणीचा, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याचा, मागचा खांब मात्र अखंड राहत असल्याने रुग्णाला लवकर कुबड्यांवर उभे करता येते. सांधा स्वतःचाच राहतो, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. कूर्चा बरीच झिजल्यावर हिचा फारसा उपयोग उरत नाही आणि बहुधा सांधा बदलावाच लागतो. म्हणूनच ‘सोसा, साठीनंतर बदलू’ हा मला मिळालेला पहिला सल्ला अजूनही खटकतो.

“धड चालतेस, मग हाड कशाला कापून घेतेस?” असे आई विचारत राहिली. तलावपाळीची पूर्ण फेरी विनाआधार मारायला मला सहा महिने लागले. त्या दिवशी तीच सोबत होती.