तुम्ही मुलांकडून कोणता जॉब करून घेता?

मी एका शासकीय आयटीआयमध्ये वेल्डर व्यवसायाचा (ट्रेडचा) शिल्पनिदेशक, म्हणजे वेल्डिंग शिकवणारा शिक्षक आहे. आमची मुले मुलाखतींतून वारंवार परत येऊ लागली, तेव्हा वेल्डरचे २० जागांचे एक युनिट (तुकडी) बंद करून एखादा नवा व्यवसाय सुरू करावा, असे संस्था व्यवस्थापन समितीत बहुतेकांचे मत पडले आणि औद्योगिक वसाहतीची गरज जाणून घेण्याचे काम माझ्याकडे आले.

आधी मी प्रश्नावली पाठवली. उत्तरांत ‘कुशल मनुष्यबळ हवे’ यापलीकडे फारसे काही नव्हते. मग मी स्वतः शेडमध्ये जाऊ लागलो आणि नोकरीसाठी आलेल्या मुलाकडून जो जॉब, म्हणजे चाचणीचा नमुना, करून घेतला जातो तो दाखवावा, अशी प्रत्येक ठिकाणी विनंती केली.

दूधप्रक्रियेची यंत्रसामग्री बनवणाऱ्या शेडमधील सुपरवायझरांनी स्टेनलेस स्टीलचा एक उभा कापलेला पाइप माझ्या हातात दिला. बाहेरचा जोड एकसारखा आणि देखणा होता. आत मात्र त्याच रेषेवर काळी, खरखरीत खपली धरली होती. वेल्डिंग करताना पाइपच्या आत आर्गॉन वायू न सोडल्यामुळे तापलेल्या धातूला हवा लागली होती. “सर, इथे दूध अडकतं आणि धुतलं तरी निघत नाही,” ते म्हणाले. तो जॉब आमच्याच मुलाचा होता, याचे मला फार वाईट वाटले, कारण दोष त्याचा नव्हता. आर्गॉनच्या आवरणात केले जाणारे टिग वेल्डिंग अभ्यासक्रमात आहे; पण आमच्याकडे आर्गॉनचे सिलिंडर अनेक महिने रिकामे पडलेले असत आणि मुलांचा बहुतेक सराव लोखंडी पट्ट्यांवर आर्क वेल्डिंगचाच होई.

मागणी वेल्डरचीच होती. अहवालासोबत मी तो पाइपही समितीपुढे ठेवला आणि युनिट बंद न करता २०१६ पासूनच्या दुहेरी प्रशिक्षण पद्धतीने मुलांना काही महिने कारखान्यातच शिकवावे, अशी शिफारस केली. कारखानदार सहज तयार झाले नाहीत. शिकाऊ मुलाच्या हाती महाग पाइप देणे त्यांना परवडत नव्हते आणि त्यांची ही अडचण मला रास्त वाटली. अखेर कटिंगमधून उरलेले तुकडे सरावासाठी द्यायचे ठरले, तेव्हा कुठे सामंजस्य करारावर सह्या झाल्या.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस त्याच सुपरवायझरांनी आमच्या मुलांचे जॉब उभे कापून आतली रेषा बोटाने तपासली. आता त्यांना कलत्या बसवलेल्या पाइपवरचा सराव हवा आहे आणि त्यासाठीचे स्टँड आम्ही कार्यशाळेतच तयार करत आहोत.