दोन शहरांच्या मधली पायवाट

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटमध्ये राहायला आल्यापासून रविवारी सकाळी अलमेडा क्रीक या ओढ्याच्या काठाने चालायला जाण्याचा माझा नेम आहे. नाइल्सच्या टेकड्यांपाशी निघून सॅन फ्रान्सिस्को उपसागरापर्यंत जाणारी ही वाट सुमारे 12 मैलांची असून तिच्या एका काठावर सायकलींसाठी डांबर आहे, तर दुसरा काठ घोडेस्वारांसाठी मातीचाच ठेवलेला आहे. वाटेत फ्रीमाँटची हद्द कोठे संपते आणि युनियन सिटीची कोठे सुरू होते, हे मला अजूनही सांगता येत नाही. मी मूळचा औंधचा. मुळा नदीचा अलीकडचा काठ पुणे महापालिकेचा आणि पलीकडचा, सांगवीचा, पिंपरी-चिंचवडचा, हे आम्हाला लहानपणापासून पाठ होते. म्हणूनच असेल, पण इथली ही व्यवस्था कोणाची आहे, याची चौकशी केल्याशिवाय मला राहवले नाही.

ज्या बांधावरून आपण चालतो तो बांध काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, पूरनियंत्रण यंत्रणेचा आहे, परंतु त्यावरची पायवाट ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट ही संस्था सांभाळते. ही संस्था महापालिका नाही आणि काउंटीचे खातेही नाही. अलमेडा आणि काँट्रा कोस्टा या दोन काउंट्यांतील उद्यानांसाठीच ती स्थापन झालेली आहे, तिचे 7 संचालक मतदार थेट निवडून देतात आणि मालमत्ता करातील काही वाटा तिला मिळतो. आज तिच्या ताब्यात सुमारे सव्वा लाख एकर जमीन आहे.

तिच्या जन्माची हकीकत पाण्यापासून सुरू होते. 1929 साली सिएरा पर्वतातील मोकेलम्नी नदीचे पाणी ओकलंड-बर्कली परिसरात पोहोचले आणि त्यामुळे गावामागच्या डोंगरांतील पाणलोटाची हजारो एकर जमीन पाणीपुरवठा संस्थेला अतिरिक्त ठरली. ती बिल्डरांच्या हाती जाण्याआधी सार्वजनिक व्हावी, अशी मागणी नागरिकांनी लावून धरली, परंतु उद्याने चालवणे हे आपले काम नव्हे, अशी पाणीपुरवठा संस्थेची भूमिका होती, आणि एवढा डोंगर एकट्याने घेण्याची ऐपत कोणत्याही एका शहराकडे नव्हती. अखेर उद्यानांसाठी अशी वेगळी संस्था स्थापन करता यावी म्हणून 1933 साली राज्याने कायदा केला आणि नोव्हेंबर 1934 मध्ये, म्हणजे महामंदीच्या ऐन काळात, ओकलंड, बर्कली, अलमेडा यांच्यासह 7 शहरांतील मतदारांनी स्वतःवर जादा कर लादून घेण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला. ज्या वर्षी लोकांच्या नोकऱ्या जात होत्या त्या वर्षी त्यांनी बागांसाठी कर मान्य केला, ही गोष्ट मला आजही अचंबित करते. काँट्रा कोस्टा काउंटी मात्र तेव्हा बाजूलाच राहिली आणि तिचा बहुतांश भाग 1964 साली सामील झाला. फ्रीमाँट नावाचे शहर तर 1934 मध्ये अस्तित्वातही नव्हते. नाइल्स, सेंटरव्हिल, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही 5 गावे 1956 साली एकत्र आली, तेव्हा ते झाले.

शहरांना ही संस्था डोईजड का वाटत नाही, याचे एक उत्तर पैशाच्या वाटपात आहे. 2008 साली मतदारांनी दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी या संस्थेचे 50 कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले, आणि त्यांतील चौथा हिस्सा शहरांना व स्थानिक उद्यानसंस्थांना त्यांच्या स्वतःच्या बागांसाठी देण्याचे आधीच ठरले होते. गल्लीतले क्रीडांगण शहराने पाहायचे आणि डोंगर, तलाव व लांब पायवाटा या संस्थेने, अशी ढोबळ वाटणी आहे. ती काटेकोर नाही, आणि ते बरेच आहे. लेक एलिझाबेथचे उद्यान शहर चालवते. पण मुलांना जुनी शेती आणि जुनी आगगाडी दाखवायला आम्ही ज्या आर्डनवुडला नेतो, ती जमीन शहराची असून तिचा कारभार या संस्थेकडे सोपवलेला आहे.

सगळेच सुरळीत आहे, असे मात्र नाही. आपल्याकडून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ज्या खांबाला धरून फोटो काढायचा असतो, तो मिशन पीक या डोंगराच्या माथ्यावर आहे. डोंगराचा कारभार संस्थेकडे आहे, पण पायथ्याचे रस्ते शहराचे आहेत. स्टॅनफर्ड अॅव्हेन्यूच्या पायथ्याशी जेमतेम चाळीसेक गाड्यांची सोय आणि शनिवार-रविवारी येणारी शेकडो माणसे, असा तो हिशेब आहे. गाड्या गल्ल्यांतून लागू लागल्या, दारासमोरचा कचरा आणि पहाटेचा गलका यांनी रहिवासी वैतागले, संस्थेने मोठा वाहनतळ बांधायचे ठरवले तर त्यालाही विरोध झाला, आणि शहराने आसपासच्या रस्त्यांवर परवान्याशिवाय गाडी लावण्यास मनाई केली. मला यात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. एकत्र नियोजन डोंगरापुरते झाले होते. डोंगरापर्यंत माणूस कसा पोहोचणार, याचा विचार त्यात फारसा नव्हता.

म्हणून हल्ली पाहुणे आले की आम्ही ओलोनी कॉलेजच्या बाजूने चढतो. तिथे वाहनतळाचे पैसे मोजावे लागतात, पण त्या बाजूला सावली थोडी अधिक आहे आणि खाली उतरल्यावर गाडी ठेवली तिथेच असेल, याची खात्रीही असते.